सीमाभागातल्या हुशार मुलांसाठी ऑनलाइन अवकाशविज्ञानाचे पाठ आखताना

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या आठवीतल्या एका मुलीनं मैदानात काठी रोवली आणि दर पाच मिनिटांनी सावली मोजून वहीत लिहिली. दुसऱ्या दिवशी वही पुढं करून म्हणाली, "बाई, सावली बाराला लहान होत नाही, पावणेएकला होते. माझं घड्याळ चुकलंय का?"

घड्याळ बरोबर होतं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि बेळगाव साधारण ७४.५ अंशावर. मधे ८ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार ३२ मिनिटं उशिरा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली असल्यामुळं वर्षभर सूर्य घड्याळाच्या थोडा मागंपुढं असतो. जानेवारीअखेर तो सुमारे १३ मिनिटं मागं असतो. दोन्हीची बेरीज केली की पावणेएक. हे उत्तर मला त्या दिवशी वर्गात देता आलं नव्हतं, घरी जाऊन शोधावं लागलं. तिच्यासारखी मुलं खानापूरच्या पट्ट्यात, निपाणीकडं, भालकीत, कारवारात एकेकटी बसलेली असणार, त्यांना एकत्र आणायचं तर इंटरनेटशिवाय मार्ग नाही, असं वाटून मी हे पाठ सुरू केले. पहिल्या वर्षी बरंच चुकलं. नव्यानं सुरू करणाऱ्यांना ते टाळता यावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी ठरवा: पडदा कशासाठी?

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. माझे पहिले सहा पाठ म्हणजे व्हिडिओ दाखवणं आणि वर बोलणं. कृष्णविवर, महास्फोट, मंगळावर वस्ती, सगळं होतं. तिसऱ्या आठवड्यानंतर निम्मी मुलं गळाली, आणि गळणाऱ्यांत सगळ्यात चौकस मुलं आधी होती. व्हिडिओ त्यांना आमच्याशिवायही मिळतो.

मग मी क्रम उलटा केला. मूल आधी स्वतःच्या अंगणात काहीतरी मोजतं. पाठात सगळे आपापले आकडे मांडतात. आकडे जुळत नाहीत, तिथून चर्चा सुरू होते, आणि संगणकावरचं साधन त्यानंतर उघडतं. इंटरनेटनं दूरदूरची अंगणं जोडायची, एवढंच त्याचं काम. ही एक गोष्ट पक्की धरलीत तर पुढचे निर्णय सोपे जातात.

२. मुलं निवडताना गुणपत्रिका बाजूला ठेवा

पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून प्रज्ञावंत मुलांसाठी काम करते आहे, त्यामुळं हा विषय मराठीत नवा नाही. पण आपल्याकडं 'हुशार' म्हटलं की मुख्याध्यापक पहिल्या पाच नंबरांची यादी देतात. ती आदरानं घ्या, पण निवड तिच्यावर करू नका.

मी एक काम देते. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला, एकाच जागी उभं राहून चंद्र कुठं दिसतो ते काढायचं. समोरचं झाड, देवळाचं शिखर, विजेचा खांब अशी खूण धरायची आणि हात लांब करून मुठीनं अंतर मोजायचं. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. चंद्र रोज सुमारे १२-१३ अंश पूर्वेकडं सरकतो, म्हणजे मुठीपेक्षा थोडं जास्त. पंधरवड्यानं वह्या गोळा केल्या की निवड आपोआप होते. काही वह्यांत चंद्र रोज नेमका सारखाच सरकलेला असतो, ती चित्रं घरात बसून काढलेली. काही वह्यांत मधेच 'आज ढग, दिसला नाही' असं लिहिलेलं असतं. ढग लिहिणारं मूल घ्या. 'चंद्र दिवसाही दिसला, असं का?' असं कोपऱ्यात लिहिणारं मूल तर नक्की घ्या.

सातवी ते नववी बरी. दहावीच्या मुलांवर एसएसएलसीचं, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेचं, ओझं असतं, त्यांना ओढू नका. एका तुकडीत १२ ते १५ मुलं पुरेत. आणि 'तुमची निवड झाली, तुम्ही हुशार' असं गावभर होऊ देऊ नका. त्यानं मूल चुकायला घाबरतं, आणि मोजमापात चुकल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

३. परवानग्या आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आधीच उरका. लागतं ते असं:

- शाळेचं पत्र, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह
- पालकांचं संमतिपत्र, मराठीत. त्यात दिवस, वेळ, कोण शिकवणार आणि रेकॉर्डिंग होणार की नाही हे स्पष्ट
- सरकारी शाळेचा संगणक किंवा खोली वापरणार असाल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला अर्ज, कन्नडमध्ये
- मुलांची यादी: नाव, इयत्ता, गाव, पालकांचा नंबर, याहून जास्त माहिती मागू नका

माझा पहिला अर्ज फक्त मराठीत होता आणि तो एका कार्यालयात बरेच दिवस तसाच पडून राहिला. आता शाळेतले कन्नडचे सर अर्ज लिहून देतात आणि काम लवकर होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून ग्रुपमध्ये नंबर पालकांचे ठेवा. संध्याकाळी किंवा पहाटे आकाश बघायचं असेल तेव्हा घरातलं कोणी मोठं बरोबर असेल, हेही संमतिपत्रात लिहून घ्या. मुलींच्या घरच्यांचा निम्मा अडसर या एका ओळीनं दूर होतो.

४. वर्षाची आखणी आपल्या आकाशाप्रमाणे

महाराष्ट्रातलं तयार वेळापत्रक उचलू नका. तिकडं मोठी सुट्टी दिवाळीची, आपल्या कर्नाटकच्या शाळांना दसऱ्याची. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाश नसतंच. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलांना विचारा, महिनाभर सूर्य दिसत नाही आणि करंट कधी जाईल सांगता येत नाही.

म्हणून पावसाळ्यात घरातले पाठ ठेवा. माझा आवडता पाठ नाचणीचा. पृथ्वी म्हणजे सुमारे १ मिलिमीटरचा नाचणीचा दाणा. त्या मापानं सूर्य ११ सेंटिमीटरचा, सोललेल्या नारळाएवढा, आणि दाण्यापासून पावणेबारा मीटर लांब. शाळेचा व्हरांडा पुरतो. चंद्र फक्त ३ सेंटिमीटरवर. गुरू छोट्या बोराएवढा, ६१ मीटरवर. नेपच्यून ३५० मीटरवर, तो मुलं आपल्या गावाच्या नकाशावर शोधतात: कुणाचा नेपच्यून दुधाच्या डेअरीत, कुणाचा मारुतीच्या देवळात. आणि सर्वांत जवळचा तारा? सुमारे ३,१०० किलोमीटर. बेळगावातून निघून काश्मीर ओलांडलं तरी तो यायचा असतो. हे कळल्यावर पडद्यापलीकडं जी शांतता पसरते, ती मी एरवी वर्गात क्वचितच अनुभवली आहे.

नोव्हेंबरमध्ये भाताची सुगी असते, खानापूर भागातली मुलं शेतावर असतात. तेव्हा आठवड्याला एकच पाठ ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. मार्च परीक्षांचा, सोडून द्या.

मे महिना वाया जातो असं मला वाटायचं, मुलं मामाच्या गावाला जातात म्हणून. पण तोच महिना सोन्यासारखा आहे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो दिवस, कारवारला ३० एप्रिलच्या सुमारास येतो, बेळगावला ३-४ मेला, कोल्हापूरला ६-७ मेला, बिदरला ११ मेच्या आसपास, पुण्याला १३-१४ मेला. ज्याचा मामा जिथं, तिथून तो सावली नसलेल्या बाटलीचा फोटो पाठवतो. सूर्य गावोगाव उत्तरेकडं सरकताना ग्रुपवर दिसतो. ऑगस्टमध्ये सूर्य परतताना हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बेळगावात ढग.

५. साधनं

मुलाकडं: सरळ काठी, दोरीला दगड बांधून केलेला ओळंबा, मोजपट्टी, कोनमापक, वही आणि घरातला एक फोन. तुमच्याकडं: लॅपटॉप, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि चार्ज केलेली पॉवर बँक.

संगणकावर तीन गोष्टी पुरतात. आकाशासाठी स्टेलॅरियम, ते मोफत आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. कक्षा आणि गुरुत्वाकर्षणासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'पेट' सिम्युलेशन्स, ती उतरवून घेता येतात आणि मग नेट लागत नाही. यानं आणि ग्रह प्रत्यक्ष कुठं आहेत हे बघायला नासाचं 'आईज'. यापलीकडं अॅपांची गर्दी करू नका.

इथले सापळे मात्र नीट वाचा:

- स्टेलॅरियममध्ये ठिकाण आपलं आहे का, ते पहिल्यांदा तपासा. बेळगावसाठी १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १६ अंशांवर दिसला की ठिकाण बरोबर.
- परदेशी संकेतस्थळं बऱ्याचदा जागतिक वेळ दाखवतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. एकदा या गोंधळात अख्खी तुकडी चुकीच्या वेळी अवकाशस्थानक बघायला गच्चीवर उभी होती.
- फोन आकाशाकडं धरून तारे ओळखणारी अॅपं स्वस्त फोनवर फसवतात, कारण त्यांत होकायंत्राचा सेन्सरच नसतो. मूल स्वतःला दोष देत बसतं. त्याला आधीच सांगा.
- सूर्याकडं थेट, दुर्बिणीतून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून बघायचं नाही. प्रत्येक पाठात हे पुन्हा सांगा.

थेट पाठ ४० मिनिटांपेक्षा लांबवू नका. मुलांचे व्हिडिओ बंद, आवाज चालू. पाठाचं एक पान आदल्या दिवशी फोटो म्हणून पाठवा, म्हणजे नेट गेलं तरी मूल अडत नाही.

६. एक पाठ पूर्ण उलगडून: कारवार, बेळगाव, बिदर

एरवी ही नावं आपण सीमाप्रश्नाच्या सभेतल्या घोषणेत एका दमात ऐकतो. मुलांच्या वहीत ती सावलीच्या तक्त्यात एकाखाली एक येतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये दोन गावांतल्या सूर्याच्या उंचीतल्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. आपणही तेच करायचं. २१ किंवा २२ डिसेंबर धरा, आकाश निरभ्र असतं. तिन्ही ठिकाणी जमिनीवर बरोबर १०० सेंटिमीटरची काठी ओळंब्यानं उभी करायची. सर्वांत लहान सावली साधारण अशी यायला हवी: कारवारला ७९, बेळगावला ८२, बिदरला ८८ सेंटिमीटर. हे आकडे मुलांना आधी सांगू नका.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं, 'बरोबर साडेबाराला मोजा.' बिदरचा आकडा दरवेळी जास्त यायचा. बिदर बेळगावच्या ३ अंश पूर्वेला आहे, तिथली दुपार १२ मिनिटं आधी होते! डिसेंबरात बेळगावची खरी दुपार साडेबाराला, तर बिदरची १२ वाजून १८ मिनिटांनी. मग आम्ही नियम केला: बारा ते पाऊण, दर तीन मिनिटांनी मोजायचं आणि ज्याची त्यानं सर्वांत लहान सावली निवडायची. त्या आठवीतल्या मुलीचा प्रश्न इथं पुन्हा भेटतो.

दुसरी अडचण सावलीच्या टोकाची. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळं टोक दीडेक सेंटिमीटर धूसर असतं. काठीच्या टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावा, भोक बरोबर १०० सेंटिमीटर उंचीवर. जमिनीवर प्रकाशाचा छोटा गोल पडतो, त्याच्या मध्यापर्यंत मोजा. हे का महत्त्वाचं, तर एका सेंटिमीटरच्या चुकीनं कोन सुमारे एक तृतीयांश अंशानं चुकतो, आणि पृथ्वीचा परीघ साडेचार हजार किलोमीटरनं. हा हिशेब मुलांना स्वतः करू द्या.

सावलीवरून कोन काढायला त्रिकोणमिती यायची गरज नाही. सातवीची मुलं कागदावर १० सेंटिमीटरची काठी आणि प्रमाणात सावली काढून कोनमापकानं मोजतात. कारवार आणि बिदरच्या कोनांत सुमारे ३.१ अंशांचा फरक येतो. आता अंतर. इथं हमखास कोणीतरी रस्त्याचं अंतर घेतं. हवं असतं ते फक्त दक्षिणोत्तर अंतर, साधारण ३४५ किलोमीटर. ते नकाशावर पट्टीनं आणि नकाशातल्या प्रमाणावरून काढायला लावा. ३.१ अंशांना ३४५ किलोमीटर, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती? ३६० भागिले ३.१, गुणिले ३४५. उत्तर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येतं. पहिल्याच प्रयत्नात ३६,००० किंवा ४४,००० आलं तरी ते पुसू देऊ नका. 'चूक कुठून आली असेल?' या प्रश्नावर पुढचा पूर्ण पाठ जाऊ द्या.

बिदर-कारवारकडं ओळख नसेल तर तिथल्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांना महिनाभर आधी फोन करा. मला कोणीही नाही म्हटलेलं नाही.

७. भाषेची काळजी

आपली मुलं दिवसभरात तीन भाषांतून जातात, आणि काही शब्द दिसायला सारखे पण अर्थानं वेगळे. कन्नडमध्ये 'नक्षत्र' म्हणजे कुठलाही तारा, मराठीत २७ नक्षत्रांपैकी एक. कन्नडमध्ये 'भूमी' म्हणजे पृथ्वी, मराठीत जमीन. मी पहिल्याच पाठापासून वहीच्या शेवटच्या पानांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी शब्दांचे तीन रकाने करायला लावते. दहावीनंतर मूल इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात गेलं की ही पानं उपयोगी पडतात. मराठी शब्द अडला तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे.

आजोबांना पाठात बोलवा. 'मृग लागला' असं ते जूनच्या ७-८ तारखेला म्हणतात, याचा अर्थ सूर्य त्या दिवशी मृग नक्षत्रात शिरला. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस राहतो, ३६५ भागिले २७. मग जूनमध्ये मृग रात्री दिसेल का? आणि डिसेंबरात रात्रभर का दिसतो? आजोबांचं शेतीचं ज्ञान आणि स्टेलॅरियम इथं एकमेकांना दुजोरा देतात. घरून कधी कुंडलीचे किंवा ग्रहणाच्या शिवाशिवीचे प्रश्न येतात. वाद घालू नका. ग्रहणाचं गणित मुलाला करू द्या, घरी ते स्वतः सांगतं.

८. नेट खराब आहे? तोच पाठ करा

मंगळ आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी ते ४० कोटी किलोमीटरपर्यंत जवळ-लांब होतो. रेडिओसंदेशाला एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. एक मूल मंगळावरची गाडी, दुसरं पृथ्वीवरचा चालक. आज्ञा व्हॉइस मेसेजनं द्यायची आणि समोरच्यानं ती १० मिनिटांनीच ऐकायची. 'पुढं जा' म्हटलं आणि पुढं खड्डा असेल तर? थोड्याच वेळात मुलं स्वतःहून म्हणतात, गाडीला स्वतःचं डोकं पाहिजे. मग २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ काढा: चंद्रयान-३ शेवटची सुमारे १९ मिनिटं स्वतःच्या स्वतः निर्णय घेत उतरलं. त्याचे संदेश झेलणारी ३२ मीटरची तबकडी आपल्याच राज्यात, बेंगळुरूजवळ ब्यालाळूला आहे, हे ऐकून मुलं ताठ बसतात.

९. पुढची दारं

नववीच्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' हा निवासी कार्यक्रम २०१९ पासून आहे. निवडीत आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शन, प्रश्नमंजूषा अशा गोष्टी धरतात आणि ग्रामीण भागातल्या शाळांना झुकतं माप असतं. प्रमाणपत्रं आठवीतच स्कॅन करून ठेवा. तारखा फक्त इस्रोच्या संकेतस्थळावर बघा, फिरत आलेल्या मेसेजवर विसंबू नका. बाकीच्यांसाठी 'गॅलेक्सी झू' आहे. दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, खरे फोटो बघून त्यांचं वर्गीकरण करायचं, काम साधं पण खरं संशोधन. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला त्यातच एक अनोळखी हिरवट वायूचा ढग सापडला होता.

मूल्यमापनाला गुण देऊ नका. वहीच चाळा आणि आकड्याशेजारी तारीख, वेळ, जागा लिहिली आहे का, एवढं बघा.

१०. पहिल्या पाठाच्या आदल्या संध्याकाळी

पालकांच्या ग्रुपवर मी टाकते तो निरोप तसाच देते, हवा तर वापरा:

"नमस्कार. उद्या रविवारी दुपारी बारा ते पाऊण आपल्या पाल्यानं अंगणात काठीची सावली मोजायची आहे. डोक्याला टोपी, जवळ पाणी. सूर्याकडं बघायचं नाही. आकडे जसे येतील तसेच लिहू द्या, कृपया मदत करू नका. ढग आले तर 'ढग' लिहिलं तरी चालेल. संध्याकाळी सहाला पाठ आहे. करंट गेला तर काळजी नको, आज सकाळी पाठवलेलं पान वहीत उतरवून ठेवायला सांगा."